उद्यानात फिरता फिरता गाडी चार्ज: ११ किलोवॅटच्या पोलवर चार तासांत किती भरेल?

पायवाट:

इलेक्ट्रिक गाडीने एका दिवसाचा प्रवास आखतो आहे. वाटेत डोंगरमाथ्यावरचं एक निसर्गउद्यान नीट पायी फिरून बघायचं आहे. आकडे आधीच देतो, म्हणजे अंदाजपंचे उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

गाडी: बॅटरी ४४ युनिट (वापरता येणारी). ऑनबोर्ड चार्जर (गाडीतलाच, एसी विजेवरून बॅटरी भरणारा) ७.२ किलोवॅट, सिंगल फेज. डीसीवर (जलद चार्जरवर) जास्तीत जास्त ५० किलोवॅट घेते. चार माणसं आणि सामान धरून वजन साधारण १८०० किलो.

रस्ता: निघताना १०० टक्के. १६५ किमी हायवे, मग डोंगराच्या पायथ्याशी ६० किलोवॅटचा डीसी चार्जर. तिथून २८ किमी घाट, चढ ८५० मीटर, आणि उद्यानाचा वाहनतळ. वाहनतळावर दोन सॉकेटचा एसी पोल (संथ चार्जिंगचा खांब) आहे, त्यावर ११ किलोवॅट असं लिहिलंय, केबल आपली आपण आणायची. फेरी साडेतीन ते चार तासांची. नंतर पलीकडच्या बाजूने तेवढंच उतरून मुक्कामापर्यंत १२० किमी. मुक्कामाला रात्री चार्जिंग मिळणार आहे. पायथ्याच्या चार्जरवरून हायवेनेही मुक्कामी जाता येतं, ते १३५ किमी पडतं.

पोल ११ चा आणि गाडी ७.२ घेते, तेव्हा चार तासांत २६-२७ युनिट सहज भरतील असं मी धरलंय. म्हणून पायथ्याशी न थांबता थेट वर जायचा विचार आहे. हे बरोबर आहे का? वरचा पोल बंद निघाला तर काय? आणि गाडी चार तास तशीच सोडून जाताना काय काय बघून जावं? उद्यानात आत मोबाइलला रेंज नाही.

घाटमाथा:

थेट वर जायला हरकत नाही, पण २६ युनिटांचा तुमचा आकडा चुकीचा आहे. ते कोणीतरी सविस्तर सांगेलच. मी रस्त्याचा हिशोब मांडतो.

या आकाराच्या गाडीला ताशी १०० च्या वेगाने १०० किमीला साडेपंधरा युनिट धरा. १६५ किमीला २५.६ गेले. पायथ्याशी १८.४ उरले, म्हणजे ४२ टक्के.

घाटाचा खर्च दोन तुकड्यांत काढायचा. हेच २८ किमी सपाटीवर, घाटातल्या हळू वेगाने, ३.६ युनिटांत झाले असते. त्यावर चढाचं वेगळं: वजन गुणिले ९.८१ गुणिले उंची. १८०० × ९.८१ × ८५० म्हणजे दीड कोटी ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा ४.२ युनिट. मोटर-इन्व्हर्टरमधली घट धरली की बॅटरीतून ४.७ जातात. एकूण ८.३. वर पोचाल तेव्हा १०.१ युनिट, २३ टक्के. (तोंडपाठ ठेवायला सोपं: दोन टनांची गाडी हजार मीटर चढली की घट धरून सहा युनिट. वळणं किती, रस्ता किती लांब, याने हा भाग बदलत नाही. फक्त उंची आणि वजन.)

पुढचे १२० किमी: १८ युनिट, वजा उतारावर रीजनने (मोटर गाडीला रोखत वीज बनवून बॅटरीत घालते ते) परत मिळणारे. चढताना उंचीत साठलेल्या ४.२ पैकी साठ-बासष्ट टक्के हाती येतात, म्हणजे २.६. खर्च १५.४. मुक्कामाला १० टक्के शिल्लक हवी असेल तर ४.४ आणखी. म्हणजे उद्यानातून निघताना १९.८ युनिट हवेत, हातात १०.१ आहेत. वरच्या पोलवर तुम्हाला जेमतेम दहा युनिट भरायचे आहेत. २६ नाहीत.

आता पोल बंद निघाला तर. घाटावर अडकू ही भीती सगळ्यांना असते, आणि ती उलटी आहे. भरवशाचा चार्जर वर असता आणि तुम्ही खाली असता, तर काळजी रास्त होती. इथे तो खाली आहे. आल्या वाटेने २८ किमी उतरायला ३.६ वजा २.६, म्हणजे एक युनिट लागेल. वर २३ टक्के असतील तर खाली पोचताना २१ असतील. तिथे डीसीवर भरा आणि हायवेने १३५ किमी जा. अडकणार नाही, वेळ जाईल एवढंच.

हे सगळं ताशी १०० वर. १२० ने गेलात तर हवेचा रोध ४४ टक्क्यांनी वाढतो आणि खर्च १०० किमीला १९ च्या घरात जातो. मग पायथ्याशी साडेबारा युनिट आणि वर चार-सव्वाचार, म्हणजे दहा टक्केच. समोरून जोराचा वारा असेल तरी असंच होतं. म्हणून पायथ्याशी आकडा बघा. ३५ टक्क्यांच्या वर असेल तर सरळ वर जा. खाली असेल तर दहा मिनिटं डीसीला लावा.

टाइपटू:

वरचा हिशोब बरोबर आहे. आता पोलबद्दल, कारण इथे निम्म्या लोकांचं गणित चुकतं.

पोलवरचे ११ किलोवॅट म्हणजे तीन फेज, प्रत्येकी १६ अँपिअर: ३ × १६ × २३० = ११,०४०. तुमचा ऑनबोर्ड चार्जर सिंगल फेजचा. टाइप २ सॉकेटमध्ये (एसी पोलवरचं नेहमीचं सॉकेट) तीन फेज येतात, पण तुमची गाडी पहिलीच वापरते, उरलेल्या दोन पिना नुसत्या बसून राहतात. त्या एका फेजवर पोल १६ अँपिअरच देतो. १६ × २३० = ३.७ किलोवॅट. गाडीची क्षमता ७.२ असून उपयोग नाही.

म्हणजे तुमच्या गाडीसाठी ७.४ चा साधा सिंगल फेज पोल (३२ अँपिअर) हा ११ च्या पोलपेक्षा दुप्पट चांगला. २२ चा पोल असता तर एका फेजवर ३२ अँपिअर मिळून पूर्ण ७.२ आले असते. पोलवरचा किलोवॅटचा आकडा बघूच नका. अँपिअर आणि फेज किती ते बघा. याची दुसरी बाजूही आहे: ज्या गाड्यांचा ऑनबोर्ड चार्जर थ्री फेज ११ चा असतो, त्यांतल्या काही ३२ अँपिअरच्या सिंगल फेज पोलवर १६ वरच थांबतात. गाडीचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

३.७ पोलमधून निघतात, सगळे बॅटरीत जात नाहीत. ऑनबोर्ड चार्जरची घट, शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीचे संगणक, पंप, १२ व्होल्टची बॅटरी यांना मिळून दोन-तीनशे वॅट लागतात. बॅटरीत ३.३ पडतील. तीन तासांत ९.९, चार तासांत १३.२. तुम्हाला ९.७ हवेत. जमतं, पण साडेतीन तासांच्या फेरीत फार मोकळीक नाही.

ती मोकळीक खाणारी गोष्ट म्हणजे दोन सॉकेट. बऱ्याच जोड-पोलांना मागून येणारी लाइन एकाच सॉकेटपुरती असते. दुसरी गाडी लागली की पोल लोड वाटून देतो, १६ चे आठ-आठ अँपिअर होतात. आठ अँपिअर म्हणजे १.८ किलोवॅट, आणि त्यातून गाडीचा वरखर्च वजा केला की दीड. चार तासांत सहा युनिट. तुमचं गणित तिथेच कोसळतं. वाहनतळावर पोचल्यावर दुसऱ्या सॉकेटला गाडी लागलेली असेल, तर तुमची गाडी सुरू झाल्यावर अँपिअर किती दाखवते ते बघा. आठ-नऊ दाखवत असेल तर लोड वाटला जातोय.

केबलचंही बघा. टाइप २ केबलच्या प्लगमध्ये एक रेझिस्टर असतो, त्यावरून पोलला कळतं की ही केबल किती अँपिअरची आहे. २० अँपिअरच्या केबलमध्ये ६८० ओम, ३२ च्या केबलमध्ये २२०. तुमच्या प्रवासात १६ च मिळणार म्हणून २० ची केबल चालेल. पण नवी घेणार असाल तर ३२ चीच घ्या, नाहीतर पुढे चांगल्या पोलवरही ४.६ वर अडकाल. लांबी पाच मीटर बऱ्याचदा अपुरी पडते. सॉकेट नाकाशी आणि पोल शेपटीशी अशी वेळ येतेच, सात मीटर असावी.

शंभरटक्के:

एवढा काथ्याकूट कशाला? पायथ्याशी डीसीवर ८० टक्के करा, वर जा, निवांत फिरा, उतरा. एसी पोलवर विसंबून राहायचंच कशाला?

घाटमाथा:

@शंभरटक्के, तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण ८० ची गरज नाही. वर जायला ८.३ आणि वरून निघताना १९.८ हवेत, म्हणजे पायथ्याशी २८.१ युनिट, ६४ टक्के. ४२ वरून ६५ वर जायला दहा युनिट लागतात, आणि हा चार्जिंगच्या आलेखाचा सपाट, वेगवान भाग आहे. पंधरा मिनिटं. ६५ ते ८० करायला आणखी दहा लागतील, आणि मुक्कामाला रात्रभर चार्जिंग मिळणार असताना ती वाया घालवल्यासारखी आहेत.

पाटीवर ६० असलं तरी ६० मिळेल असंही धरू नका. डीसी चार्जर अँपिअरने बांधलेला असतो. १२५ अँपिअरची गन (गाडीत खुपसायचं केबलचं टोक) आणि ३५० व्होल्टची बॅटरी असेल तर ४४ किलोवॅट येतात, गाडी ५० घेऊ शकत असली तरी. दोन गनचा ६० चा चार्जर असेल आणि शेजारी गाडी असेल तर बऱ्याचदा ३०-३० होतात. मग पंधराची वीस-बावीस मिनिटं.

निवड अशी आहे: खाली पंधरा मिनिटं उभं राहून वरची चिंता संपवायची, की वर कसंही चार तास उभ्या राहणाऱ्या गाडीला तो वेळ वापरू द्यायचा. वरच्या पोलवर गेल्या दोन-चार दिवसांत कोणी यशस्वी चार्जिंग केल्याची नोंद अ‍ॅपमध्ये दिसत असेल, तर मी थेट वर जा म्हणेन. शेवटची नोंद महिन्यापूर्वीची असेल, किंवा बरोबर लहान मुलं, वयस्कर माणसं असतील आणि खाली-वर करायची तयारी नसेल, तर शंभरटक्केंचं ऐका. फक्त ६५ वर गन काढा.

याच्या उलटं मात्र करू नका: फिरायला जाताना गाडी डीसीला लावून चार तास निघून जाणं. डीसीवर अर्ध्या-पाऊण तासात काम संपतं, पुढे गन अडून राहते, अनेक ठिकाणी चार्जिंग संपल्यावर काही मिनिटांतच थांबण्याचा दंड सुरू होतो आणि मागच्याला तिष्ठत बसावं लागतं. लांब पायपीट असेल तर संथ एसी, आणि नुसतं पाय मोकळे करायचे असतील तर डीसी.

पायवाट:

३.७ चा मुद्दा लक्षातच आला नव्हता, धन्यवाद. पोलच्या फोटोत खाली बारीक अक्षरात १६ A × 3 असंच काहीतरी दिसतंय. शेवटची नोंद परवाची आहे, तेव्हा थेट वर जाईन. आता गाडी सोडून जाताना काय बघायचं ते सांगा. आणि घरची पोर्टेबल वायर बरोबर घेऊ का? परत आल्यावर गन निघालीच नाही असं होतं म्हणे, ते कशाने?

निवांत:

सोडून जातानाचं मी सांगते.

सगळ्यात जास्त वेळा जे फसतं ते पोलमुळे नाही, गाडीतल्या सेटिंगमुळे. घरी रात्री ठरावीक वेळेला चार्जिंग सुरू व्हावं असं वेळापत्रक लावलेलं असतं. उद्यानात सकाळी गन लावली, दिवा लागला, कुलूप खट्कन बसलं, तुम्ही गेलात. गाडी रात्रीची वाट बघत बसते. तसंच घरच्या जुन्या वायरिंगसाठी सहा किंवा दहा अँपिअरची मर्यादा घातलेली असेल तर तीही काही गाड्यांत सगळीकडे लागू राहते. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही काढून टाका. चार्जिंगची टक्केवारीची मर्यादाही बघा.

दुसरं, रेंज. वाहनतळावर रेंज आहे की नाही तेही आधी विचारा, कारण अ‍ॅपवरून सुरू करायचं तर तिथेच ती लागणार. अ‍ॅपमधलं पाकीट घरूनच भरून ठेवा, डोंगरावर पैसे भरायचा ओटीपी येत नाही. त्या कंपनीचं आरएफआयडी कार्ड (पोलला टेकवून चार्जिंग सुरू-बंद करायचं) मिळत असेल तर घ्याच. पोलचा सर्व्हरशी संपर्क तुटला असला तरी अनेक पोल स्वतःकडे साठवलेल्या यादीतून कार्ड ओळखतात, म्हणून अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसणारा पोल कार्डवर सुरू होऊ शकतो. ज्या कार्डाने सुरू केलं त्याच कार्डाने बंद करायचं असतं, तेव्हा ते गाडीत ठेवून किल्ली दुसऱ्याच्या खिशात असं करू नका.

गन लावायचा क्रम: आधी केबल पूर्ण उलगडा, मग पोलमध्ये, मग गाडीत, मग कार्ड. काही पोलांना उलटा क्रम लागतो, पाटीवर असतं. दिवा बदलला म्हणजे झालं असं समजू नका. पाच मिनिटं गाडीजवळच थांबा, बाटल्या भरा, बूट बांधा. सुरुवातीला पोल आणि गाडी आपसात बोलतात, मग अँपिअर हळूहळू चढतात. पाच मिनिटांनी गाडीच्या पडद्यावर अँपिअर आणि ‘पूर्ण व्हायला किती वेळ’ हे दोन आकडे बघा, त्याचा फोटो काढा. परत आल्यावर काही बिनसलेलं दिसलं तर कुठून बिनसलं ते यावरून कळतं. त्या पाच मिनिटांत बंद पडलं तर एकदा गन काढून नीट आत दाबून लावा, खटका बसला पाहिजे. दुसऱ्यांदाही पडलं तर दुसरं सॉकेट.

डोंगरावरची लाइन लांबून आलेली असते, शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. गाडी चार्ज व्हायला लागली की २३० चे २०५-२१० झालेले दिसतील. फार खाली गेलं तर गाडी आपोआप अँपिअर कमी करते किंवा थांबते आणि थांबली की आपण नसतो. व्होल्टेज २०० च्या आसपास घुटमळत असेल तर गाडीच्या सेटिंगमधून स्वतःच १६ चे १२ करून जा. कमी मिळेल, पण चार तास चालू राहील. १६ वर सोडलं आणि विसाव्या मिनिटाला ठप्प झालं तर हातात एक युनिट.

वीज गेली तर? वीज परत आल्यावर काही पोल तेच चार्जिंग पुढे चालू करतात, बरेच करत नाहीत, पुन्हा कार्ड दाखवावं लागतं. त्यामुळे फेरीची आखणी अशी करा की मधे एकदा रेंजच्या जागी पोचाल. उंचावरच्या टेकडीवर, कड्याच्या पॉइंटवर बऱ्याचदा ती सापडते. तिथे अ‍ॅप उघडून बघा. निम्म्या फेरीत कळलं तर उरलेली अर्धी फेरी नंतर करता येते.

केबल गाडीखालून किंवा चाकाच्या कडेने न्या, पायवाटेवर आडवी टाकू नका. पाऊस आला तर काळजी नको, बसलेली गन पावसासाठीच बनवलेली असते. उघड्या गनच्या तोंडात किंवा गाडीच्या सॉकेटमध्ये पाणी गेलं तर मात्र आधी पाणी झटकून टाका, पुसा, मग लावा. डबक्यात जोड पडू देऊ नका. उन्हात असेल तर सावलीची बाजू निवडा. एसी चार्जिंगला बॅटरी फार तापत नाही, पण तापलेली केबिन परत थंड करायला जाताना बॅटरीतलंच खर्च होतं.

आणि काचेवर कागद: किती वाजेपर्यंत, फोन नंबर, ‘नंतर काढलं तरी चालेल’ की ‘कृपया काढू नका’. तुम्हाला रेंज नसेल तर नंबराचा उपयोग नाही, वेळ मात्र मोठ्या अक्षरात लिहा.

शंभरटक्के:

गाडीचे पाळत ठेवणारे कॅमेरे बंद करा हे राहिलं. त्यांना दोन-तीनशे वॅट सतत लागतात. चार तासांत एक युनिट. ३.७ मधून दहा युनिट काढायचे असताना एक म्हणजे थोडं नाही.

टाइपटू:

पोर्टेबल घ्या, पण शेवटचा पर्याय म्हणून. उद्यानाच्या कार्यालयात परवानगीने १६ अँपिअरचं सॉकेट मिळालं तरी त्यावर १० अँपिअर लावा. २.३ किलोवॅट, बॅटरीत दोन. चार तासांत आठ युनिट. १६ चं सॉकेट तासन्‌तास १६ वर चालवण्यासाठी बनवलेलं नसतं. पिना सैल असल्या की संपर्क तापतो, प्लास्टिक मऊ पडतं, संपर्क आणखी सैल होतो, आणि हे चक्र वितळल्यावरच थांबतं. लावल्यावर वीस मिनिटांनी प्लगला हात लावा. कोमट चालतो. हात ठेववत नसेल तर सहा अँपिअरवर आणा किंवा काढून टाका. पोर्टेबलचा डबा सॉकेटला लोंबकळत ठेवू नका, त्याच्या वजनाने पिना वाकतात. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच, गुंडाळलेली रीळ तर अजिबात नको. रीळेच्या आतली उष्णता बाहेर जात नाही.

डब्यावर लाल दिवा आणि अर्थिंगची खूण आली तर तिथेच थांबायचं. अर्थिंगला बगल देणारे प्लग लोक सांगतात, वापरू नका. गाडीचा पत्रा आणि तुमच्यामध्ये ते फार महत्त्वाचं संरक्षण असतं.

गन न निघण्याचं. गाडीच्या बाजूला एक खिळीसारखी पिन गनमध्ये शिरून तिला धरते. ती सुटायला दोन गोष्टी लागतात: चार्जिंग संपलेलं असणं आणि गाडीचं कुलूप उघडलेलं असणं. म्हणून आधी कार्डाने बंद करा, मग किल्लीने गाडी उघडा, खट्‌ आवाज ऐका, मग सरळ ओढा. नाही निघाली तर ओढाओढ नको, ओढल्याने पिनेवर ताण येऊन ती आणखी घट्ट बसते. उलट गन आत दाबा, दाबलेली ठेवून गाडी बंद-उघड करा. बहुतेक वेळा एवढ्याने निघते. तरीही नाही, तर हाताने सोडवायची दोरी असते, बहुधा डिकीच्या बाजूच्या झाकणामागे किंवा बॉनेटखाली सॉकेटच्या पाठीमागे. कुठे आहे ते पुस्तिकेत आधीच बघून ठेवा, अंधार पडायला लागल्यावर टॉर्च तोंडात धरून शोधायची गोष्ट नाही ती. केबल पोलच्या बाजूला अडकली असेल तर त्याच कार्डाने पुन्हा एकदा बंद करून बघा. वीज गेलेली असेल तर काही पोल केबल सोडतात, काही धरून ठेवतात. पोलवरचा मदत क्रमांक फोनमध्ये नाही, कागदावर लिहून न्या.

आणीबाणीचं लाल बटण गन काढण्यासाठी दाबू नका. ते दाबलं की बऱ्याचदा माणूस येऊन पूर्ववत करेपर्यंत पूर्ण पोल बंद राहतो.

घाटमाथा:

उताराबद्दल थोडं. तुम्ही वरून ४५-५० टक्क्यांवर निघणार, तेव्हा तुम्हाला हा प्रश्न येणार नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: माथ्यावरच्या चार्जरवर १०० टक्के करून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रीजन घालायला जागा नसते, गाडी रीजन कमी करते किंवा बंद करते, आणि पहिले काही किलोमीटर निव्वळ ब्रेकवर उतरावे लागतात. इलेक्ट्रिक गाडीत खालचा गिअर टाकून इंजिनचा अडसर घेता येत नाही, तो अडसर म्हणजेच रीजन. ८५० मीटरच्या उताराचे २.६ युनिट म्हणजे तुमच्या बॅटरीचे सहा टक्के, म्हणून ९० ची मर्यादा पुरे. थंडीत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतही रीजन सुरुवातीला कमी मिळतं, बॅटरी गार असते. मीटरवर रीजनच्या पट्टीवर ठिपके किंवा रेघ दिसते, ती त्याचीच.

निघण्याआधी केबिन थंड करायची असेल तर गन लागलेली असताना करा, म्हणजे बॅटरीतलं जाणार नाही. अर्थात ३.७ च्या पोलवर केबिन थंड करणाऱ्या एसीने सुरुवातीला दोन-अडीच घेतले तर त्या दहा मिनिटांत चार्जिंग जवळपास थांबतं. पोर्टेबलवर तर उलट बॅटरीतूनच जाईल. रेंज नसताना हे फोनवरून सुरू करता येत नाही, गाडीत निघण्याची वेळ आधी घालून ठेवता येत असेल तर तसं करा.

निवांत:

एक राहिलं, पायवाट. उद्यानाचं फाटक किती वाजता बंद होतं आणि पोल फाटकाच्या आत आहे की बाहेर, हे फोन करून विचारा. नकाशावर पोलपुढे ‘२४ तास’ लिहिलेलं असतं, ते पोलचं असतं, फाटकाचं नाही. चार तासांची फेरी, त्यात मधे वीज गेली म्हणून तासभर जास्त थांबलात, तर शेवटचा तास फाटकाशी शर्यत होते. फाटक बंद व्हायच्या आत किमान पाच तास हातात राहतील असे वर पोचा. आणि काही उद्यानांत खाजगी गाड्या पहिल्याच तळावर ठेवून पुढे त्यांच्या बसने जावं लागतं. तो पोल नेमका कुठल्या तळावर आहे तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

पायवाट:

विचारलं. पोल फाटकाच्या आत, पहिल्याच तळावर, फाटक सहाला बंद. साडेबाराच्या आत वर पोचेन. वेळापत्रक काढून टाकलं, ते खरंच रात्री अकराचं लावलेलं होतं. दोरी डिकीत डाव्या झाकणामागे सापडली.